वसंत काळेच्या नावावरचे एकोणीस सामने

वसंत काळे १९७४ च्या सप्टेंबरात काविळीनं वारला. त्यानंतर तो जालन्याच्या संघाकडून एकोणीस सामने खेळला आणि त्यानं सात गोल केले. संघाच्या यादीत, पंचांच्या कागदावर आणि वर्तमानपत्रात तशी नोंद आहे. वर्तमानपत्रातल्या नोंदी माझ्या हातच्या आहेत.

हे एकोणीस सामने उत्तम हिवाळे खेळला.

उत्तम टेंभुर्णीचा. जालना तेव्हा तालुक्याचं गाव होतं आणि मी औरंगाबादच्या एका दैनिकाचा तिथला वार्ताहर. जालन्यात फुटबॉल दोन ठिकाणी चालायचा. एक मिशनचं मैदान आणि दुसरी जुन्या जालन्यामागची मोकळी जागा, जिथं मोंढ्याच्या दिवशी धान्याच्या बैलगाड्या सोडत. उत्तम सातवीला बोर्डिंगात राहायला आला तेव्हा या दुसऱ्या मैदानावर खेळायला लागला. शिक्षण मॅट्रिकला थांबलं. पुढची तेरा-चौदा वर्षं तो फुटबॉलवर जगला. या भागात असं जगलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

ते जगणं असं होतं. पाऊस ओसरला की स्पर्धा लागायच्या. नांदेड, परभणी, भुसावळ, हैदराबाद. गिरण्यांचे संघ, रेल्वे कामगारांचे, साखर कारखान्यांचे. एखाद्या संघातला माणूस दुखावला, कुणाला रजा मिळाली नाही, की बाहेरून खेळाडू आणत. त्याला पाहुणा म्हणत. पाहुण्याला गाडीभाडं, दोन वेळचं जेवण आणि वर हातात काही मिळायचं. नियमात पाहुणा बसत नसे. म्हणून जो आला नाही त्याच्या नावानं तो उतरायचा. सगळ्या संघांना हे ठाऊक होतं आणि सगळे संघ ते करत, त्यामुळे तक्रार सहसा होत नसे. उत्तम हा पाहुणा होता. होळीनंतर स्पर्धा संपल्या की तो मोंढ्यात पोती उचलायचा.

स्वतःच्या नावानं त्याला खेळता येत नव्हतं. सतराव्या वर्षी त्याची नोंदणी एका संस्थेच्या संघाकडून झाली होती. पुढं ती संस्था बंद पडली. दुसऱ्या संघात जायचं तर पहिल्या संघाचं सोडपत्र लागे, त्यावर सचिवाची सही आणि शिक्का. सचिव गाव सोडून गेले होते. शिक्का कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उत्तमनं तीन-चार वर्षं शोध घेतला, मग सोडून दिला.

त्याला हवी होती कायमची नोकरी. गिरण्या आणि सरकारी खाती चांगल्या खेळाडूला नोकरीवर घेत. त्याच्या बरोबरचे दोघं असे रेल्वेत लागले होते. त्यासाठी स्वतःच्या नावाची प्रमाणपत्रं लागत किंवा निदान वर्तमानपत्राची कात्रणं. उत्तमकडे पुठ्ठ्याची एक फाईल होती. तिच्यात कात्रणं पुष्कळ होती. प्रत्येकात नाव दुसऱ्याचं. कात्रणाच्या मागं तो शिसपेन्सिलीनं एवढंच लिहायचा: 'मी'.

"सायेब, एक डाव माझं नाव छापा की," तो मला म्हणायचा. सामना संपला की मैदानाच्या कडेला, बुटाची नाडी सोडता सोडता. हसतच म्हणायचा.

"यादीत असेल ते छापतो," मी सांगायचो. दैनिकाचा तसा नियम होता.

"यादीत काय, कोनी बी असतं."

उत्तमची उंची बेताची, वर्ण सावळा, मिशी बारीक. पाहून विसरावा असा चेहरा. जालन्याच्या संघाचा कारभार युसूफ टेलर बघायचा. जुन्या जालन्यात त्याचं शिलाईचं दुकान होतं. संघाचे सदरे तोच शिवायचा आणि फाटलेला चेंडूही तोच टाचायचा. खेळाडूंची कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मशीनखाली ठेवलेली असत. प्रत्येक कार्डावर फोटो आणि फोटोवर निम्मा चढलेला गोल शिक्का. "ये चेहरा किसी भी कार्ड पे बैठता," युसूफ उत्तमकडे बोट करून गिऱ्हाइकांना सांगायचा, जणू कापडाचा तागाच दाखवतोय.

सामन्याच्या आधी उत्तम पूर्ण मैदान अनवाणी चालायचा, एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत. वाटेत सराटे वेचून सदऱ्याच्या ओच्यात टाकायचा. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातलेही वेचायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हाफटायमाला हिकडं आपल्यालाच यायचंय." खेळण्याआधी गूळ-शेंगदाणे आणि चहा, दुसरं काही नाही. बूट एकच जोड. तळाचे चामडी स्टड झिजले की स्टेशनजवळच्या चांभाराकडून ठोकून घ्यायचा आणि काम होईपर्यंत शेजारी बसून खिळे मोजायचा.

सगळ्यात विलक्षण होती ती त्याची नाव घेण्याची पद्धत. दुसरे पाहुणे कार्डावरचं नाव एकदा वाचत आणि उतरत. उत्तम गाडीत बसल्यापासून त्या माणसाची चौकशी करायचा. बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. बहिणी किती, लग्न झालंय का, घरात हाक काय मारतात. मग बरोबरच्याला सांगून ठेवायचा की मध्येच कधीही त्या नावानं हाक मार. काचीगुडा गाडीच्या डब्यात युसूफ असा अर्ध्या तासानं ओरडायचा, "इब्राहिम!" आणि खिडकीशी डोळे मिटून बसलेला उत्तम मान वळवायचा. मान वळायला उशीर झाला तर स्वतःवर चिडायचा.

"एवढं कशाला?" मी एकदा विचारलं.

"नाव घ्यायचं तर बराबर घ्यावं, सायेब. त्याचं बी नाव खराब होऊ नये."

याचा त्रास घरी व्हायचा. त्याची बायको कमल एकदा दवाखान्यासाठी जालन्याला आली होती, तेव्हा युसूफच्या दुकानात भेटली. ती म्हणाली, "घरी येतेत ते तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिस मी हाक मारून राह्यले तरी ओ देत न्हाईत. भलत्याच कोनाच्या घरी आल्यावानी बसतेत."

उत्तम शेजारीच होता. म्हणाला, "आता देतो ना ओ."

"आता स्पर्धा न्हाई म्हून."

एक किस्सा जालन्यात बरीच वर्षं सांगितला जायचा. परभणीच्या स्पर्धेत तो एका वर्षी सॅम्युअल म्हणून खेळला आणि पुढच्या वर्षी इब्राहिम म्हणून. पंच तोच. त्यानं यादी पाहिली, उत्तमला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तू मागल्या वर्षी ख्रिश्चन होतास ना?"

"हौ सायेब. धर्म बदलला."

"असा कसा बदलला?"

"आमच्यात बदलतेत, सायेब. अख्ख्या वस्तीनं बदलला."

पंच हसला आणि यादीवर सही केली. उत्तमच्या वस्तीनं खरोखरच बदलला होता, छप्पन साली. त्याचे वडील सखाराम हिवाळे यांनी त्यानंतर मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा एक शब्द बदलून घेण्यासाठी तहसिलीत अनेक हेलपाटे घातले, टेंभुर्णीहून पायी. शब्द बदलून मिळाला. उत्तम तो दाखला फाईलमध्ये सर्वांत खाली ठेवायचा, पण स्पर्धेला जाताना नेत नसे.

दुसरी गोष्ट युसूफनं मला सांगितली आणि उत्तमसमोर कधी काढली नाही. एका तालुक्याच्या गावी सामन्यानंतर यजमानांच्या घरी जेवण होतं. त्या दिवशी उत्तमच्या कार्डावर देशमुख होतं. यजमानीणबाईंनी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि त्याला आत, घरच्या पुरुषांच्या पंगतीला बसवलं. जेवण झाल्यावर उत्तम ताट घेऊन आडाकडे गेला, राखेनं घासलं, तीन वेळा धुतलं आणि उन्हात पालथं घातलं. बाई म्हणत होत्या, अहो, राहू द्या. परतीच्या गाडीत युसूफनं विचारलं, "ये क्या था मियां?" उत्तम म्हणाला, "उद्या कळलं तर फेकतील. चांगलं जुनं पितळी ताट हाय."

वसंत काळे त्या दिवशी त्याच गाडीत होता. कुंभार पिंपळगावचा. जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये कारकून आणि संघात डाव्या बगलेवर. अस्सल डावखुरा. हसरा आणि बोलका. दौऱ्यावर तो आणि उत्तम एकाच खोलीत झोपत. वसंतची नोंदणी सरळ होती, त्याला कधीच दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं नाही. उत्तमच्या परीक्षा घेणं हा त्याचा आवडता खेळ होता. पहाटे अर्धवट झोपेत तो विचारायचा, "नाव काय तुझं?" आणि उत्तमनं कार्डावरचं सांगितलं की अंगावर चादर ओढून पुन्हा झोपायचा.

काविळीत वसंत गावी गेला आणि बारा दिवसांत संपला. अंत्यविधीला जालन्याहून युसूफ आणि उत्तम गेले. उत्तम मागं, रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

पुढच्या महिन्यात जालन्यातच स्पर्धा होती. डाव्या बगलेला माणूस नव्हता. युसूफनं डबा उघडून वसंतचं कार्ड मशीनवर ठेवलं. त्या वेळी मी दुकानात सदऱ्याचं माप देत होतो.

उत्तम म्हणाला, "मेलेल्याचं नको."

"जिंदा लोगां के कार्ड बचे कितने? सब को नौकरी लग गई. तू और मैं रह गए."

"त्याच्या मायला तरी इचारू."

"पूछेंगे ना. स्पर्धा होऊन जाऊ दे."

उत्तमनं कार्ड उचलून पाहिलं. शिक्क्याची शाई वसंतच्या कपाळापासून नाकापर्यंत आली होती. खाली राहिली होती मिशी आणि हनुवटी. तो म्हणाला, "इचारू बराबर. मी जाईन." स्पर्धा झाली. कुंभार पिंपळगावला कुणी गेलं नाही. पुढच्या स्पर्धेलाही तेच कार्ड होतं.

या वेळी गाडीत चौकशी करायची गरज नव्हती. वसंतबद्दल त्याला सगळंच माहीत होतं. युसूफच्या सांगण्याप्रमाणे त्यानं हाका मारायलाही मना केलं होतं. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात मला एक गोष्ट दिसली आणि मी ती वहीत टिपली: उत्तम डाव्या पायानं मारत होता. तो उजव्या पायाचा खेळाडू होता, दहा वर्षं मी त्याला तसाच पाहत आलो होतो. आता कोपऱ्यावरून तो डाव्यानं चेंडू आत टाकत होता, वसंत टाकायचा तसा, किंचित मागं झुकून. युसूफनं विचारलं, "डावा पाय कब से?" उत्तम म्हणाला, "त्या बाजूला उभं राह्यलं की तोच येतो."

मी बातमी देत होतो. 'वसंत काळे याने डाव्या बगलेतून मुसंडी मारून गोल केला.' दैनिक कुंभार पिंपळगावला दुसऱ्या दिवशी एसटीनं जायचं. तिथल्या शाळेचे मास्तर ते पारावर मोठ्यानं वाचत. ते नुकतेच बदली होऊन आले होते. वसंत काळे वारला हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नावासकट बातमी वाचली. मग कुणीतरी उठून गयाबाई काळेच्या घरी गेलं.

गयाबाई विधवा होती. वसंत एकटाच मुलगा. ती पहिल्या बातमीनंतर आली नाही, दुसरीनंतरही आली नाही. १९७५ च्या जानेवारीत, उपांत्य सामन्याच्या दिवशी, ती एकटी एसटीनं जालन्याला आली आणि विचारत विचारत मैदानावर पोचली. ती कोण हे कडेच्या प्रेक्षकांना माहीत नव्हतं. हातात भाकरीचं फडकं घेऊन ती चुन्याच्या रेषेपाशी बसली. ध्वनिक्षेपकावरून नावं वाचली गेली. सामना संपेपर्यंत तिनं जागा सोडली नाही.

संपल्यावर ती युसूफपाशी आली. "वसंत काळे कोनता?"

युसूफनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला ओळखलं. उत्तम पाच-सहा पावलांवर बूट काढत होता. तो तसाच, एक पाय अनवाणी, उठून आला.

"मावशी, मी उत्तम. वसंताचा दोस्त. तुमच्या गावाला आल्तो मी, तवा."

"मंग भोंग्यात नाव कुनाचं घेतलं?"

"वसंताचं."

"आन् पळत कोन होतं?"

"मी."

युसूफ माफी मागायला लागला. मां, गलती मेरी है, असं काही. तिनं त्याला हातानं थांबवलं आणि उत्तमला विचारलं, "तो बी असाच पळायचा का? मी कधी पाह्यलं न्हाई. रानातून सुटका व्हायची न्हाई मला."

"माझ्यापेक्षा चांगला. मी निस्ती नक्कल करून राह्यलो."

"आता बंद करनार?"

"हौ. आजपासून बंद. मीच यायला पायजे होतं आधी."

"बंद करू नको," गयाबाई म्हणाली. "मास्तर पेपर वाचतेत. वाचला की मानसं दारात येतेत माझ्या. बसतेत, बोलतेत त्याच्यावर. बंद केलं तर कोन यील?"

अंतिम सामन्याच्या यादीत वसंत काळे होता. त्या दिवशी तो गोल करू शकला नाही. मी तसं लिहिलं.

त्यानंतर उत्तम महिन्या-दीड महिन्यानं कुंभार पिंपळगावला जाऊ लागला. पहिल्या वेळी युसूफ बरोबर होता. उत्तमनं ओसरीवर बसण्याआधीच आडनाव, गाव आणि वस्ती सांगितली. गयाबाई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पहिल्या वेळी तिनं त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. युसूफ पुन्हा गेला तेव्हा तिनं तांब्या हातात दिला. मधल्या खेपांना काय झालं ते युसूफला माहीत नाही. उत्तम ते सांगत नसे.

पुढच्या हंगामात, १९७६ च्या जानेवारीत, परराज्यातल्या एका कापड गिरणीचा क्रीडा अधिकारी जालन्याची स्पर्धा बघायला आला. तीन दिवस तो मंडपात बसून होता. कुणाशी फार बोलला नाही. जाताना त्यानं यादीतून दोन नावं आणि पत्ते उतरवून घेतले. फेब्रुवारीत गिरणीचं पत्र आलं. कायम नोकरी, राहायला खोली, गिरणीच्या संघात जागा. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन महिन्याच्या आत हजर व्हावं. पत्र कार्डावरच्या पत्त्यावर गेलं: श्री. वसंत ज्ञानोबा काळे, मुक्काम कुंभार पिंपळगाव. मास्तरांनी ते गयाबाईला वाचून दाखवलं.

ती पत्र घेऊन युसूफच्या दुकानात आली. उत्तमला मोंढ्यातून बोलावलं. मलाही बोलावलं, पत्र इंग्रजीत होतं आणि त्यांना ते पुन्हा एकदा खात्रीनं वाचून हवं होतं. मी वाचलं. गयाबाईनं कमरेची पिशवी सोडून दुसरा कागद काढला आणि मशीनवर पसरला. वसंतच्या शाळेचा दाखला होता.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पेटीत ठिवून मी काय करू?"

उत्तम तेव्हा एकतिसाव्यात होता. दाखल्यातल्या वसंतचं वय सव्वीस होतं. उत्तमचा उजवा गुडघा थंडीत सुजायचा. आणखी दोन हंगाम, फार तर तीन. हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

युसूफ म्हणाला, "जा मियां. सोच मत. बारा साल दूसरों के नाम से खेला, चार दिन के वास्ते. ये तो जिंदगी भर का है."

"तेच तर," उत्तम म्हणाला.

"तेच तर क्या?"

"जिंदगीभर तेच. पोरांची नावं बी मंग काळे लावायची का? बापाचं नाव ज्ञानोबा सांगायचं? माझा बाप टेंभुर्णीत जिता हाय, युसूफभाई."

"बाप को समझा देंगे."

"त्यानं एका शब्दापायी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या. त्याला काय समजावू?"

गयाबाई मध्ये बोलली. "मी कुनाला सांगनार न्हाई. गाव बी सांगनार न्हाई. तुझ्या लेकरांचं भलं व्हईल."

उत्तम माझ्याकडे वळला. या वेळी तो हसत नव्हता. "सायेब, तुमी पेपरच्या कागदावर लिहून द्या. या सामन्यांत खेळला तो उत्तम हिवाळे. मानूस हाच, नाव चुकलं. गिरणीला मानूस पायजे, नाव कशाला?"

मी लिहून दिलं नाही. दैनिकात जे छापलं होतं त्याच्या उलट पत्र द्यायचं तर संपादकांची परवानगी लागली असती. आणि ते पत्र संघावर आणि युसूफवर उलटलं असतं. मी हे दोन्ही त्याला सांगितलं. संपादकांना मी विचारलं नाही.

"बराबर हाय," उत्तम म्हणाला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो निघाला. पत्र आणि वसंतचा दाखला त्याच्याकडे होता. स्टेशनवर युसूफ होता, गयाबाईही आली होती. कमल आली नाही. गाडी सुटताना युसूफनं सवयीनं हाक मारली, "वसंत!" उत्तमनं मान वळवली की नाही, यावर युसूफनं मला दोन वेळा दोन उत्तरं दिली.

गिरणीत काय झालं ते क्रीडा अधिकाऱ्यानं मला नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी तो परभणीला आला होता. उत्तम सकाळी नऊला कचेरीत हजर झाला. कागद तपासले गेले, ते बरोबर होते. कारकुनानं नोकरीचा अर्ज भरायला दिला. उत्तमनं पहिल्या ओळीत उत्तम सखाराम हिवाळे असं लिहिलं. कारकुनानं चूक दाखवली आणि नवा कोरा अर्ज दिला. उत्तम तो घेऊन बाकावर अर्धा तास बसला. मग पुन्हा तेच नाव लिहून परत दिला.

"पत्रात काळे आहे," कारकून म्हणाला.

"ते वारले," उत्तम म्हणाला.

अधिकाऱ्याला बोलावण्यात आलं. त्यानं उत्तमला ओळखलं, मैदानावर पाहिलेला माणूस हाच. घेण्याची त्याची इच्छा होती. उत्तम हिवाळे या नावाचं सोडपत्र आणा, मी जागा महिनाभर रिकामी ठेवतो, असं तो म्हणाला. उत्तमनं विचारलं की संस्थाच उरली नसेल तर सोडपत्र कोण देतं. संध्याकाळी गिरणीच्या संघाचा सराव होता. उत्तम तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो पूर्ण पाहत होता, आणि मग स्टेशनकडे गेला. हे अधिकाऱ्यानं स्वतः पाहिलेलं. जागा महिन्यानं दुसऱ्याला दिली गेली.

असं का केलं हे उत्तमनं कुणाला नीट सांगितल्याची माहिती नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहायला बसलो तर हात माझ्याच नावावर गेला." कमलनं युसूफला सांगितलं की या खेपेला घरी आले तेव्हा पहिल्याच हाकेला ओ दिली. आणि मग दोन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले.

वसंतचा दाखला त्यानं गयाबाईला नेऊन दिला. त्यानंतर तो खेळला नाही. युसूफनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा गुडघ्याचं कारण आलं. वर्तमानपत्रात वसंत काळेचं नाव यायचं बंद झालं. कुंभार पिंपळगावचे मास्तर पुढं काही महिने क्रीडा पान आधी उघडून पाहत असत.

मी उत्तमला शेवटचं १९७७ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं, जालन्याच्या बसस्थानकावर, अंबडच्या गाडीच्या रांगेत. वजन वाढलं होतं. काखेत औषधाच्या बाटल्यांची पिशवी होती, बाटल्या आपटू नयेत म्हणून मध्ये कापूस भरलेला. कुठं, असं विचारलं.

"पिंपळगावला. काळे मावशीला ताप हाय. आठ दिस झाले."

"कोण असतं तिथं त्यांच्याजवळ?"

"मी चाललोय ना."

गाडी लागली. तो मागच्या दारानं चढला. उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून डावा पाय आधी ठेवला आणि दांडीला धरून दुसरा वर ओढला. गर्दी होती. खिडकीत तो दिसला नाही.

१९७८ मध्ये पाणीटंचाईच्या बातमीसाठी मी कुंभार पिंपळगावला गेलो. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांची वाट पाहत असताना टेबलावरचं मृत्यूनोंदीचं रजिस्टर पाहिलं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात एक नोंद आहे. मयताचं नाव गयाबाई ज्ञानोबा काळे. वय अंदाजे साठ. कारण ताप. खबर देणाऱ्याचं नाव उत्तम सखाराम हिवाळे, राहणार टेंभुर्णी. मयताशी नातं या रकान्यात मुलगा असं लिहिलेलं आहे. सही मराठीत, पूर्ण नावाची आहे.